तुमच्या बरणीतलं पीठ

बाबा,

तुमच्या बरणीतलं अनारशाचं पीठ विकलं गेलं. माझ्याच दुकानात, माझ्याच काट्यावर तोलून. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी नेहमीसारखा इकडचं तिकडचं बोलत बसेन, तुमच्या गुडघ्याची चौकशी करेन, बदलापूरला पाणी आलं का विचारेन, आणि मूळ गोष्ट चहाबरोबर गिळून टाकेन. तुम्हाला माझी ही खोड ठाऊक होती. तुम्ही मला पुरतं बोलू द्यायचात आणि मग म्हणायचात, "आता कामाचं बोला, जावय."

तर हे कामाचं.

तुम्ही गेलात त्या दिवशी बदलापूरला, कुळगावच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भावकी जमली होती, कुणी बांबू आणायला गेलं होतं, कुणी फोन लावत होतं. नंदा मात्र तुमच्याजवळ बसली, रडली, आणि उठून थेट स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. ओट्याच्या कोपऱ्यात, खिडकीच्या उन्हापासून लांब, पांढऱ्या फडक्यानं तोंड बांधलेली ती चिनी मातीची बरणी होती. तिनं फडकं सोडलं, आत वास घेतला आणि मला म्हणाली, "अधिकाचं पीठ आहे. तुमच्यासाठी केलं होतं त्यांनी." मी जमिनीकडे बघितलं.

कारण चार दिवसांपूर्वीच तुमचा फोन आला होता. "पीठ झालंय. आता तुमी या, म्हंजे कढई चढवतो." मी गिऱ्हाइकाला शेव तोलत होतो, फोन खांद्यात धरून. म्हटलं, "बाबा, सीझन आहे. अधिक महिन्यात सगळ्या उल्हासनगरला आपापले जावई आठवतात. शेवटच्या आठवड्यात येतो निवांत." तुम्ही म्हणालात, "या सवडीनं. पीठ काय पळत नाय."

पळालं, बाबा.

नंदानं ठरवलं की तेराव्याला, गोडाच्या जेवणाला, तुमच्याच कढईत हे अनारसे तळायचे आणि पहिलं तुमचं पान वाढायचं. तोवर पीठ जपायचं होतं. ऊन असं की भिंती पोळत होत्या. अंबरनाथला आमच्या घरचा फ्रीज शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणून दिलेल्या पातेल्यांनी भरला होता; दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून लोक इतकं आणून देतात की ते ठेवायचं कुठे हा वेगळाच प्रश्न होतो. तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "दुकानाच्या फ्रीजमध्ये ठेवतो. तिथे लाइट गेली तरी इन्व्हर्टर आहे." नंदानं बरणी माझ्या हातात दिली. "सांभाळा हं," एवढंच म्हणाली.

मी ती उल्हासनगरला, कॅम्प पाचच्या दुकानात नेली, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात खव्याच्या शेजारी ठेवली आणि कारीगराला सांगायचं विसरलो. यात आणखी काही नाही. काही कट नव्हता, कुणाची चूक नव्हती. बन्सीला एक वाक्य सांगायचं होतं, ते सांगितलं नाही.

तिसरा दिवस झाल्यावर मी दुकान उघडलं. ऑर्डरी घेतल्या होत्या. दहाव्याला आम्ही सगळे उल्हास नदीच्या घाटावर होतो. तुमच्या पुतण्यानं पिंड ठेवला, आणि आम्ही कावळ्याची वाट बघत उन्हात उभे राहिलो. नंदा पुटपुटत होती, "बाबा, काही राहिलं असेल तर सांगा, करू आम्ही." मीही हात जोडून उभा होतो. आणि नेमक्या त्या दुपारी तिकडे दुकानात आमचं पीठ संपलं, बन्सीनं फ्रीज उघडला, आणि कढई चढवली. तुमची कढई नव्हे, माझी.

संध्याकाळी दुकानात गेलो तर बरणी धुऊन पालथी घातलेली. फडकंही धुऊन दोरीवर. बन्सी खुशीत होता. "सेठ, अपना आटा खतम हो गया था. मैंने सोचा आपने नया माल मँगाया है, गुड़वाला. क्या आटा था सेठ! एक भी नहीं फटा. सब निकल गया." तो शाबासकीसाठी माझ्याकडे बघत होता. मी मागच्या खोलीत गेलो आणि तुपाच्या डब्यावर बसून राहिलो.

बाबा, तुम्हाला आठवतं, दर वेळी मी पाटावर बसून पहिला घास घेतला की तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून विचारायचात, "जमलेत का?" आणि मी धंदेवाईक माणसासारखा चावून, डोळे मिटून, निकाल द्यायचो, "बाजारात चालतील." तुम्ही हसायचात. ती आपली ठरलेली गंमत होती. जावयानं कौतुक करायचं नाही आणि सासऱ्यानं मागायचं नाही, त्यातून काढलेली वाट. आता खरंच चालले. एका दुपारीत ट्रे रिकामा झाला.

खरं तर हे सगळं तुम्ही करायचं काही कारण नव्हतं. सासूबाई गेल्या त्यानंतरच्या पहिल्या अधिकात तुमच्या बहिणीनं, जनाआत्यानं, सांगितलं होतं की जावयाचं वाण मी करते, तू पुरुषमाणूस काय करनार. तुम्ही ऐकलं नाहीत. "जावय माझा हाय, वाण मी देनार," म्हणालात. तीन दिवस तांदूळ भिजवलेत, रोज पाणी बदललंत, पंच्यावर सावलीत वाळवलेत, ओलसर असतानाच कुटलेत, गूळ घातलात, आणि पीठ मुरवलंत. मग मला बोलावलंत. आणि कढईत टाकलेला प्रत्येक अनारसा हसला. तुपात पडला की सुटायचा, फुटायचा, भुगा होऊन पसरायचा. बायका त्याला हसणं म्हणतात, पण त्या दिवशी तुमचा चेहरा बघून कुणाला हसायची छाती झाली नाही. तुम्ही शांतपणे तो भुगा झाऱ्यानं गोळा केलात, वाटीत घातलात, वर दूध ओतलंत आणि माझ्यापुढे ठेवलंत. "खीर हाय," म्हणालात. मी खाल्ली. छान लागत होती, खरंच. पण मी काय म्हणालो? म्हणालो, "बाबा, कशाला एवढा व्याप? तयार पीठ मिळतं. मी आणून दिलं असतं."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी देशावरचा, बापाबरोबर लहानपणी इकडे आलेला, फरसाणाच्या दुकानात वाढलेला. मला घरी करण्याचं कौतुक कधी कळलं नाही. लोक चव विकत घेत नाहीत, सोय विकत घेतात, आणि चव तशी तीच असते, असं माझं मत. तुम्ही त्यावर वाद घालायचा नाहीत. तुम्ही पुढच्या दिवाळीला पुन्हा करायचात. त्या दिवाळीला निम्मे हसले. त्याच्या पुढच्या दिवाळीला दोनचारच. आणि दुसऱ्या अधिकात एकही नाही. खसखशीची बाजू वर, एकाच बाजूनं तळलेले, झाऱ्यानं वरून तूप उडवत. अशी जाळी पडलेली की उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसावं.

एकदा तुम्ही काही कामानं कॅम्प पाचला आला होतात आणि दुकानात डोकावलात. ट्रेमधला माझा अनारसा उचललात, मोडलात, आत बघितलंत. गिऱ्हाइकं उभी. "दिसायला बरा हाय," म्हणालात. "पन जाळी नाय. म्हाताऱ्यानं कसा खावा?" मला राग आला. मी म्हटलं, "बाबा, अनारसे जावयाला देतात. जावई म्हातारे नसतात." लोक हसले. तुम्हीही हसलात. उरलेला अर्धा तुकडा टाकून न देता खिशातल्या रुमालात बांधून नेलात. मग जाताना दारातून विचारलंत, "चव तीच म्हनता, तर मंग आमच्याकडं येऊन का खाता?" याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. बस आली, तुम्ही गेलात.

उत्तर असं आहे की मला आवडायचं. अनारसेही, आणि तो पाटही. माझा बाप मला कायम नोकरासारखं वागवत आला, दुकानात गिऱ्हाईक मला "ओ भाई" म्हणतं, आणि माझी मुलगी मी बोलायला लागलो की कानात गाण्याचं यंत्र घालते. फक्त तुमच्या घरात मला पाट मिळायचा, पुढे समई, तांब्याच्या तामणात वस्त्राखाली झाकलेले अनारसे, आणि तुम्ही, दुखऱ्या गुडघ्यासकट वाकलेले. मी पाय मागे घ्यायचो. "बाबा, नका हो." तुम्ही दटावायचात, "मी तुम्हाला नाय करत. त्या नारायणाला करतो. पाय गप ठेवा." मी गप ठेवायचो. मनातून मला बरं वाटायचं, हे मी नंदालाही कधी सांगितलं नाही. नारायण होऊन बसायला मला फार आवडायचं, बाबा.

त्या नारायणानं पुढे काय केलं ते ऐका.

मी नंदाला सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी. पण ती घाटावरून आली होती, तिचे डोळे सुजले होते, आणि मला वाटलं, आत्ता नको. दुसऱ्या दिवशी वाटलं, आत्ता तर नकोच. मग मला माझ्या धंद्यातली हुशारी सुचली. होलसेलवाल्याकडून गुळाचं तयार पीठ आणलं. तुमचं जास्त काळपट असायचं म्हणून थोडा काळा गूळ मळून घातला. तुम्ही सुंठ घालायचात, म्हणून सुंठ घातली. बरणी भरली, वर तेच फडकं बांधलं, तुम्ही बांधायचात तशी उलटी गाठ मारून. गाठ पहिल्याच फटक्यात जमली, याचं मला आता नवल वाटतं.

तेराव्याला तुमच्या स्वयंपाकघरात नंदा कढईपुढे बसली. बाजूला जनाआत्या, आणखी दोन बायका. मी दारात, पाण्याची बादली हातात घेऊन. नंदानं केळीच्या पानावर खसखस पसरली, गोळी थापली, अलगद तुपात सोडली. ती सुटली. भुगा झाला. तिनं आच कमी केली. दुसरा हसला. तिनं पिठाला तांदळाची पिठी लावली, पुन्हा मळलं, तिसरा सोडला. तोही. तूप गढूळ झालं. जनाआत्या म्हणाली, "असूं दे गो बाय. तुज्या बापाचा हात येगळा व्हता."

नंदा माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांनी एवढं करून ठेवलं होतं आणि मी घालवलं हो. शेवटचं होतं. माझ्या हातून गेलं."

बाबा, इथे एक वाक्य पुरलं असतं. माझ्या हातात बादली होती, तोंड मोकळं होतं. मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "असू दे गं नंदा. होतं असं कधीकधी." मी तिचं सांत्वन केलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. बायकांना वाटलं, किती समजूतदार जावई.

तिनं तो भुगा गोळा केला, वाटीत घातला, दूध ओतलं. तिला ती खीर आठवली असणार. तीच वाटी तुमच्या पानावर पहिली वाढली. होलसेलचं पीठ तुमच्यापुढे ठेवून आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. मला तुमच्या फोटोकडे बघवेना. पीठ विकलं गेलं त्याची मला लाज वाटते, पण ती सोसता येते, तो विसराळूपणा होता. नंदाच्या हाताला दोष लागू दिला, तो मात्र मी डोळे उघडे ठेवून लागू दिला.

त्यानंतर ती घरात पीठ मळेना. पोळ्यासुद्धा मुलीला करायला सांगायला लागली. म्हणायची, "माझा हात चांगला नाही राहिला." मी ऐकायचो आणि दुकानात निघून जायचो.

आणि मग मोहिनी आंटी आल्या. सिंधी आहेत, आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत राहतात, रोज सकाळी ढोकळा नेतात. ट्रेमधल्या अनारशांवर बोट ठेवून म्हणाल्या, "साईं, ये नहीं. वो काला वाला दो, उस दिन वाला."

मी म्हटलं, "खतम हो गया, आंटी."

"तो बनवाओ ना. हमारे साहब कुछ खाते नहीं. दाँत नहीं, भूख नहीं. वो खाया. रोज़ एक माँगते हैं. अब थोड़े ही बचे हैं."

बचे हैं! मी गल्ला बन्सीवर सोडून त्यांच्या मागोमाग निघालो. वाटेत ठरवलं की सगळं खरं सांगायचं, उरलेले मागून घ्यायचे, त्यांना हवी ती मिठाई हवी तितकी द्यायची, आणि हे नंदाच्या पुढ्यात नेऊन ठेवायचं. मनातल्या मनात वाक्यंही जुळवली. तळमजल्यावरची खोली, खाटेवर अंकल, पाय चादरीखाली, अंगावर भाजीच्या काडीइतकं मांस नाही. आंटींनी स्टीलचा डबा आणला. आत तीन होते. तुमचेच, बाबा. थापलेले बन्सीनं, पण जाळी तुमची. मी लांबून ओळखली.

अंकलनी एक उचलला. चावला नाही. जिभेवर ठेवला आणि तोंड मिटून बसले. तो विरघळू दिला. मग मला म्हणाले, "इसको दाँत नहीं लगता." मला तुमचं ते वाक्य आठवलं, म्हाताऱ्यानं कसा खावा. मी तुमच्यावर लोकांना हसवलं होतं.

जुळवलेली वाक्यं गेली. डबा मागायची हिंमत झाली नाही. पण रिकाम्या हातानं उठायचीही झाली नाही. तेव्हा मी आणखी एक थाप मारली. म्हटलं, "आंटी, एक मिलेगा? कारीगर को दिखाना है, ऐसा ही बनाए." आंटींनी डब्यात बघितलं. दोनच उरले होते. अंकलनीच डब्यात हात घातला आणि माझ्यापुढे धरला. "ले जा, बेटा. दिखा उसको." मी दोन्ही हातांनी घेतला. पुन्हा एक म्हातारा मला अनारसा देत होता आणि मी पुन्हा घेत होतो.

रुमालात बांधून अंबरनाथला आणला. नंदा भाजी निवडत होती. रुमाल तिच्यापुढे सोडला. तिनं तो उचलला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, आणि विचारलं, "हा कुठून आला?"

सांगितलं. फ्रीज, बन्सी, घाट, होलसेलवाला, उलटी गाठ, सगळं. मधे कुठे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर उरलेलं राहिलं असतं. ती ऐकत होती, भाजी तशीच मांडीवर. माझं झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"म्हणजे माझ्या हातून नाही गेलं?"

"नाही."

ती रडली. मला वाटलं, आता बोलेल, तोडेल, तिचा हक्कच होता. पण तिचा राग भलत्याच गोष्टीवर निघाला. "आणि हा त्या आजारी माणसाच्या डब्यातून उचलून आणलात? दोन उरले होते त्यातला एक? कारीगराला दाखवायचाय सांगून? अहो, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही!" वाटलं होतं, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. तिनं अनारशाचे दोन तुकडे केले. एक स्वतः खाल्ला, अंकलसारखाच, न चावता. दुसरा मुलीच्या हातावर ठेवला. मला दिला नाही. ते बरोबर होतं.

मग ती उठली आणि डब्यातून जुना तांदूळ काढला. मी म्हटलं, "नंदा, वर्षभर आपल्याकडे गोडधोड..." तिनं मला पुरं बोलू दिलं नाही. "आपल्यासाठी नाही करत. ज्याचं घेतलं त्याला द्यायचंय. की त्यांना दुकानातले देणार?" तांदूळ पातेल्यात घातला, पाणी ओतलं, झाकण ठेवलं. "उद्या पाणी तुम्ही बदला. रोज. माझी शपथ, विसरलात तर."

विसरलो नाही. तुम्हाला सांगतो, त्या तांदळाला दुसऱ्या दिवशी जो आंबूस वास येतो तो हाताला चिकटतो. साबणानं जात नाही. गिऱ्हाइकाला पेढे देतानाही माझ्या बोटांना तो येत होता. मी उभं आयुष्य मिठाई विकली आणि हा वास मला माहीत नव्हता. पंचा अंथरला, तांदूळ सावलीत पसरला, चिमणी आली की उठलो. किती वाळवायचा ते कळेना. तुम्ही मुठीत धरून बघायचात. मीही धरला, पण मुठीत काय शोधायचं ते कुठे ठाऊक होतं? तुम्हाला फोन करावा म्हणून फोन हातात घेतलासुद्धा. तुमचा नंबर अजून वरतीच आहे.

पहिला घाणा हसला. दुसराही. नंदा शेजारी उभी होती, पण तिनं हात लावला नाही, आणि ती हसलीही नाही. "आच," एवढंच म्हणाली. पीठ आणखी मुरू दिलं. तोवर अधिक महिना सरला, सगळ्या उल्हासनगरचे जावई जेवून घरी गेले, ट्रेमधले अनारसे बंद झाले. मग एका सकाळी पुन्हा कढई चढवली. त्यातले थोडे तगले. वाकडे, एका कडेला जाड, पण आख्खे. उजेडाकडे धरले. जाळी होती, विरळ, कुठेकुठे. तुम्ही असतात तर चौकटीला टेकून उभा मी राहिलो असतो.

आम्ही दोघं ते घेऊन कॅम्प पाचला गेलो. डबा नंदाच्या हातात. आंटींनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. अंकल आणखी बारीक झाले होते. मी एक अनारसा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी जिभेवर ठेवला, तोंड मिटलं. मी उभा होतो. आणि माझ्या तोंडून तुमचा प्रश्न निघून गेला, हिंदीत. "जमा क्या, अंकल?"

बराच वेळ ते चघळत राहिले. म्हणाले, "अच्छा है." मग मान हलवली. "पर वो वाला नहीं है."

मी थाप मारणार होतो. ती जिभेवर तयारही होती, सीझन गेला, गूळ बदलला, असलं काहीतरी. नंदानं माझ्याकडे बघितलं.

"नहीं है, अंकल," मी म्हणालो. "वो मेरे ससुर ने बनाया था. मुझसे बहुत अच्छा बनाते थे."

हे वाक्य मी तुमच्या दारात, पाटावर बसून, तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणायला हवं होतं. ते कॅम्प पाचच्या एका खोलीत म्हटलं, ज्यांना ऐकू कमी येतं अशा माणसाला. त्यांना त्यातलं अर्धंच ऐकू गेलं. चेहरा उजळला त्यांचा. म्हणाले, "तो उनको बोलो ना, और बनाएँ."

आंटींना कळलं, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. नंदा खिडकीबाहेर बघत राहिली. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "बोलता हूँ, अंकल."

म्हणून लिहायला बसलो, बाबा. कॅम्प पाचहून निरोप आहे. अजून करा म्हणतात.